सोन्याच्या तोलाचे रेशीम

इ. स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियन याने साऱ्या साम्राज्यासाठी कमाल भावांचे एक फर्मान काढले. गहू, मांस, मजुरी, गाडीभाडे, चर्मकाराची पायताणे, अशा शेकडो बाबींचे भाव त्यात ठरवून दिले होते आणि ते गावोगावी दगडावर कोरून लावले होते. त्या फर्मानातील तीन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक पौंड पांढरे कच्चे रेशीम १२,००० दिनार, एक पौंड सोने ७२,००० दिनार आणि जांभळ्या रंगात रंगवलेले एक पौंड रेशीम १,५०,००० दिनार. म्हणजे पांढऱ्या रेशमाचा भाव सोन्याच्या एक षष्ठांश होता आणि त्याच रेशमाला राजरंग चढला की तो सोन्याच्या दुपटीहून अधिक होई.

या भावामागे दोन कारणे होती. पहिले कारण अंतराचे. रेशीम चीनमध्ये होत असे आणि भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचेपर्यंत ते अनेक हातांतून, अनेक जकातनाक्यांवरून जाई. दुसरे कारण रंगाचे. तो जांभळा रंग म्यूरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायीपासून काढीत. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला, तेव्हा १२,००० गोगलगायींपासून त्यास केवळ १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळाले. अखंड धागा काढावयाचा तर कोशातील जीवही पतंग होऊन बाहेर पडण्यापूर्वीच मारावा लागतो. त्या काळच्या कोणत्याही खातेवहीत या जीवांची नोंद नाही. परंतु त्या वैभवाचा विचार करताना जैन वाचकाच्या मनात ती रक्कम आपोआप मांडली जाईल.

भाव बांधला, माल आटला

सहाव्या शतकात पूर्व रोमन साम्राज्याची, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल ही होती. चीनचे रेशीम तेथे येई ते इराणच्या सासानी साम्राज्यातून. या दोन सत्तांत वारंवार युद्ध होई आणि युद्ध झाले की रेशमाची वाट आखडे. सम्राट जस्टिनियनने ही वाट टाळण्याचा प्रयत्न केला. इथिओपियाच्या राजाकडे दूत पाठवून त्याने सुचवले की, तुमच्या व्यापाऱ्यांनी भारतीयांकडून रेशीम घ्यावे आणि आम्हांस विकावे. तुम्हांस नफा होईल आणि आमचे सोने शत्रूच्या हाती जाणार नाही. ही योजना कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात मात्र भारताची जहाजे ज्या बंदरांत प्रथम लागत, तेथे इराणी व्यापारी आधीच ठाण मांडून बसलेले असत आणि संपूर्ण जहाजाचा माल एकदम उचलीत. प्रोकोपियस या समकालीन इतिहासकाराने ही हकीकत नमूद केली आहे. जुना संबंध, जवळचे बंदर आणि रोख उचल या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत, त्याला राजाज्ञेने हटवता येत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

त्यानंतर जस्टिनियनने दुसरा उपाय योजला. बैरूत व टायर येथील व्यापाऱ्यांनी रेशमाचा भाव चढवला होता. इराणी लोक आम्हांस चढ्या भावाने देतात, वाटेत जकातीही वाढल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. सम्राटाने पौंडास आठ सुवर्णनाणी हा कमाल भाव ठरवला आणि त्याहून अधिक घेणाऱ्याची सर्व मालमत्ता जप्त करण्याचा नियम केला. खरेदीच त्याहून महाग पडत असल्याने व्यापाऱ्यांनी आयात थांबवली. हाती असलेला माल चोरून विकताना जे सापडले, त्यांची मालमत्ता गेली. पुढे खजिन्याचा अधिकारी पीटर बार्सिमीझ याने रेशमाचा धंदा सरकारच्या हाती घेतला आणि मग भाव काय झाला? साध्या रंगाचे रेशीम औंसास सहा नाणी आणि राजरंगाचे औंसास चोवीस नाण्यांहून अधिक.

हा हिशेब मांडून पाहावा. रोमन पौंडाचे बारा औंस. औंसास सहा नाणी म्हणजे पौंडास ७२ नाणी. एका पौंड सोन्यातून पाडली जाणारी नाणीही नेमकी ७२ होती. म्हणजे जे व्यापाऱ्यास आठ नाण्यांस विकण्याची सक्ती होती, ते रंगवून सरकार सोन्याच्या तोलाने विकू लागले आणि राजरंगाचे तर सोन्याच्या चौपटीने. कच्च्या आणि रंगवलेल्या मालाच्या भावात अंतर असणारच आणि प्रोकोपियसचा जस्टिनियनवर रागही होता. या दोन्ही गोष्टी वजा कराव्यात. तरीही जे उरते ते थोडे नाही. तो पुढे लिहितो की, या दोन्ही शहरांतील रेशमाचे कारागीर उपासमारीस लागले आणि त्यांतील अनेक जण सरहद्द ओलांडून इराणात निघून गेले. ज्या शत्रूच्या हाती सोने जाऊ नये म्हणून हा खटाटोप, त्याच्याच हाती आता कसबी माणसे गेली.

इ. स. ५५२ च्या सुमारास काही भिक्षूंनी रेशीमकिड्यांची अंडी गुपचूप आणली आणि साम्राज्यात रेशीमपालन सुरू झाले, ही कथा बहुतेकांच्या वाचनात आलेली असते. प्रोकोपियसच्या मते ती भिक्षूंनी आणली. दुसऱ्या एका बायझंटाइन लेखकाच्या मते एका इराणी माणसाने पोकळ काठीतून. अंडी आली म्हणून दुसऱ्या वर्षी बाजार भरला, असे मात्र झाले नाही. तुतीची लागवड, किड्यांची जोपासना आणि धागा उकलण्याचे कसब यांस अनेक पिढ्या लागल्या.

मागावरची स्मृती

या रेशमात इतके मोलाचे काय होते, हे विणकाम पाहिल्याशिवाय उमगत नाही. या काळातील नामांकित नक्षीदार वस्त्रास युरोपात 'सॅमाइट' म्हणत. 'सहा धाग्यांचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. त्यात ताणा दोन प्रकारचा असे. एक ताणा आतल्या आत लपलेला राही. त्याचे काम एवढेच की, कोणत्या रंगाचा बाणा वर यावयाचा आणि कोणता मागे जावयाचा हे ठरवणे. दुसरा ताणा त्या बाण्यांना बांधून धरी. तांबडा, पिवळा, निळा, पांढरा असे सर्व रंगांचे बाणे वस्त्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात. ज्या ठिकाणी जो रंग हवा, तेथे तो दर्शनी येई. बाकीचे पाठीमागे राहत. त्यामुळे कापड जाड, वजनदार आणि झळाळणारे होई.

नक्षी उमटवण्यासाठी मागावर दोऱ्यांची एक मांडणी बांधावी लागे. बनारसच्या जुन्या मागावरील 'जाला' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची कल्पना येईल. मुख्य विणकर खाली बसून धोटा टाकी आणि सहायक ठरावीक दोऱ्यांचा जुडगा ओढी. प्रत्येक ओढीला नक्षीची एक ओळ पुरी होई. ही बांधणी करण्यास फार वेळ लागे. पण एकदा ती झाली की तीच नक्षी पुन्हा पुन्हा, हव्या तितक्या वेळा उतरे. बांधताना एखादी दोरी चुकली, तर तीच चूकही प्रत्येक नक्षीत उतरे. शेकडो वर्षांनंतर संशोधक या पुनरावृत्त चुकांवरूनच ओळखतात की, नक्षी हाताने एकेक न भरता मागाच्या बांधणीतून आली आहे. मागच जणू एक वही होता; त्यात केलेली नोंद पुसता येत नसे.

नक्षीही ठरावीक वळणाची असे. मोत्यांच्या माळेसारखी किनार असलेली मोठी वर्तुळे आणि त्या वर्तुळांत समोरासमोर उभे सिंह, पंखांचे घोडे, गरुड, शिकारी राजे. हे वळण सासानी इराणात बहरले, मध्य आशियातील सोग्दियन व्यापाऱ्यांनी ते चीनपर्यंत नेले आणि पश्चिमेस बायझंटाइन मागांनी ते आपलेसे केले. एकमेकांशी लढणाऱ्या राज्यांच्या राजांच्या अंगावर बऱ्याच अंशी सारखीच नक्षी असे.

नगरपालाचे पुस्तक

दहाव्या शतकाच्या आरंभी, सम्राट सहावा लिओ याच्या नावाने, कॉन्स्टँटिनोपलच्या नगरपालासाठी नियमांचे एक पुस्तक तयार झाले. 'एपार्कचे पुस्तक' या नावाने ते ओळखले जाते. शतकानुशतके विस्मृतीत गेलेले त्याचे हस्तलिखित जिनिव्हात सापडले आणि ज्यूल निकोल यांनी ते १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात बावीस प्रकरणे आहेत. लेखप्रमाणक, सराफ, नाणेबदल करणारे पेढीवाले, सुगंधी द्रव्यांचे व्यापारी, साबणवाले, वाणी, भटारी, सगळ्यांचे नियम त्यात आहेत. त्यांपैकी पाच प्रकरणे एकट्या रेशमाची आहेत.

रेशमाच्या पाच श्रेणी होत्या. तयार वस्त्रांचे व्यापारी, सीरियाकडून येणाऱ्या वस्त्रांचे व्यापारी, कच्च्या रेशमाचे व्यापारी, धागा तयार करणारे आणि विणकर. एका श्रेणीच्या माणसाने दुसरीचे काम करावयाचे नाही. त्यामागील विचार असा की, कच्च्या मालापासून दुकानापर्यंतची सारी साखळी एकाच धनिकाच्या हाती जाऊ नये. कच्चे रेशीम घरी बसून विकण्यास मनाई होती. ते उघड बाजारात, नेमल्या जागी विकावे लागे. तयार वस्त्राच्या व्यापाऱ्याने दहा सुवर्णनाण्यांहून अधिक किमतीचे वस्त्र घेतले, तर ते नगरपालास कळवावे लागे. सीरियाचा माल आला की त्या श्रेणीने तो सामाईक रीतीने घ्यावयाचा आणि ज्याने जेवढे भांडवल घातले असेल, त्या प्रमाणात वाटा उचलावयाचा. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यास शहरात तीन महिन्यांपेक्षा अधिक राहता येत नसे. दुसऱ्याचा मजूर, त्याने घेतलेल्या वेतनाचे काम पुरे होण्यापूर्वी, फोडून नेता येत नसे.

यांतील कित्येक नियम आजच्या व्यापाऱ्यास परिचित वाटतील. शिक्षा मात्र त्या काळच्या होत्या. फटके, मुंडन, श्रेणीतून हकालपट्टी, मालाची जप्ती. नाणे कानसणाऱ्या पेढीवाल्याचा हात तोडीत आणि कसबी कारागीर परदेशी माणसास विकणाऱ्याचाही हात तोडीत. या दोन गुन्ह्यांना एकच शिक्षा असावी, यातच सर्व काही आले. राज्याच्या दृष्टीने खरे सुवर्णनाणे आणि कुशल विणकर ही एकाच तिजोरीतील दोन रत्ने होती. एक खोटे होऊ द्यावयाचे नाही आणि दुसरे बाहेर जाऊ द्यावयाचे नाही.

काही प्रतीची वस्त्रे, विशेषतः राजरंगाची, बाहेरच्यांना विकण्यास पूर्ण मनाई होती. इ. स. ९४४ च्या तहाने रूस व्यापाऱ्यांवर अट घातली गेली की, एकाने पन्नास सुवर्णनाण्यांहून अधिक किमतीचे रेशीम घेऊ नये आणि घेतलेला माल अधिकाऱ्यास दाखवून त्यावर मोहोर करून घ्यावी. ९६८ मध्ये जर्मन सम्राट पहिला ऑटो याचा दूत, क्रेमोनाचा बिशप ल्यूटप्रांड, कॉन्स्टँटिनोपलहून परतत होता. त्याने आपल्या चर्चसाठी घेतलेली पाच जांभळी वस्त्रे अधिकाऱ्यांनी काढून घेतली. ती परक्यांसाठी नव्हेत, असे त्यास सांगण्यात आले. चिडलेल्या बिशपने उत्तर दिले की, असली वस्त्रे आमच्याकडे सामान्य लोकही वापरतात, व्हेनिस आणि अमाल्फीचे व्यापारी ती आणून विकतात. दूताची झडती झाली. पण ज्या वाटेने माल खरोखर बाहेर जात होता, ती वाट उघडीच होती.

दोन अधिकाऱ्यांची नावे

सर्वच रेशीम मात्र अडवले जात नव्हते. जे सर्वांत उत्तम, ते सम्राट स्वतः भेट म्हणून पाठवी. तह झाला, विवाह ठरला, साहाय्य हवे असले की रेशीम जाई. युरोपातील चर्चनी ही वस्त्रे संतांच्या अस्थी गुंडाळण्यासाठी आणि थोर पुरुषांच्या शवपेट्यांत वापरली आणि त्यामुळेच ती टिकली. अंगावर घातलेली वस्त्रे झिजून गेली. अंधारात ठेवलेली आजही पाहता येतात.

जर्मनीतील आखेन येथे सम्राट शार्लमेनच्या अस्थिपेटीत एक वस्त्र मिळाले. त्याच्या मोठ्या वर्तुळांत झूल घातलेले डौलदार हत्ती आहेत. त्यावर ग्रीक अक्षरांत विणलेला मजकूर आहे. मायकेल हा राजशयनगृहाचा अधिकारी व विशेष खजिन्याचा प्रमुख असताना आणि पीटर हा झ्यूक्सिप्पोस येथील राजकारखान्याचा प्रमुख असताना हे वस्त्र झाले, असा त्याचा आशय आहे. शार्लमेन वारला ८१४ मध्ये. वस्त्र त्यानंतरचे असून साधारणपणे इ. स. १००० च्या सुमाराचे मानले जाते. कोलोन येथील सिंहांच्या वस्त्रावर बॅसिल व कॉन्स्टँटाइन या बंधू सम्राटांची नावे आहेत. त्यावरून ते ९७६ ते १०२५ या काळातील ठरते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील हत्तींच्या वस्त्रावर खुरासानच्या एका सेनापतीचे, अबू मन्सूर बख्तेगीनचे नाव अरबी लिपीत विणलेले आहे.

सम्राट, सेनापती, खजिन्याचा अधिकारी, कारखान्याचा प्रमुख. ज्याने दोऱ्या बांधल्या आणि ज्याने धोटा टाकला, त्यांचे नाव मात्र यांपैकी एकाही वस्त्रावर नाही.

या संदर्भात आपल्याकडील एक शिलालेख आठवतो. माळव्यातील मंदसोर, म्हणजे जुने दशपूर, येथील हा लेख कवी वत्सभट्टीने रचला. लाट देशातील, म्हणजे दक्षिण गुजरातेतील, रेशीम विणकरांची एक श्रेणी आपण होऊन दशपुरास येऊन वसली. इ. स. ४३६ मध्ये तिने तेथे सूर्यमंदिर बांधले आणि ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. विविध रंगांच्या रेशमी वस्त्राचे वर्णन लेखात आहे आणि त्या श्रेणीतील काही जण धनुर्विद्येत, काही जण ज्योतिषात, तर काही जण कथाकथनात निपुण झाले, असेही त्यात सांगितले आहे. येथेही व्यक्तींची नावे नाहीत. पण दाता म्हणून मान श्रेणीचा आहे. माणसे स्वेच्छेने आली, तेथे रुजली, दुसरे व्यवसायही त्यांनी धरले.

तिजोरी फुटते

बायझंटाइन व्यवस्था सरसकट वाईट होती, असे म्हणता येणार नाही. तिने मालाची प्रत राखली, लहान व्यापाऱ्यास मोठ्याच्या तावडीतून काही अंशी वाचवले आणि चौथ्या शतकापासून चाललेल्या सुवर्णनाण्यावरचा विश्वास सुमारे सात शतके टिकवून धरला. अकराव्या शतकात मात्र आधी नाणेच पातळ झाले. राज्याचा खर्च भागवण्यासाठी त्यातील सोने कमी कमी होत गेले आणि १०८० नंतर त्यात सोने नावापुरते उरले. १०८२ मध्ये, युद्धात आरमाराची गरज पडली म्हणून, सम्राट अलेक्सियसने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकातमाफी दिली. घरचा व्यापारी जकात भरतो आणि परका भरत नाही, अशी स्थिती झाली.

११४७ मध्ये सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या आरमाराने ग्रीसमधील थीब्ज आणि कॉरिंथ लुटले आणि तेथील रेशीम विणकर, स्त्रिया व पुरुष, पकडून पालेर्मोला नेले. पालेर्मोत राजकारखाना त्याआधीच होता. व्हिएन्नात जतन केलेल्या रॉजरच्या लाल रेशमी प्रावरणावर हिजरी ५२८, म्हणजे ११३३-३४, हे वर्ष नोंदलेले आहे. पुढे तह झाला तेव्हा इतर बंदिवान परत मिळाले, पण विणकर परत केले गेले नाहीत, असे निकेटास कोनियाटीस हा इतिहासकार सांगतो. कारागीर बाहेर देणाऱ्याचा हात तोडण्याची तरतूद पुस्तकात होती. आरमार घेऊन येणाऱ्यापुढे ती निरुपयोगी ठरली.

एवढे होऊनही थीब्ज उठून उभे राहिले. ११६० च्या दशकात तेथून गेलेला यहुदी प्रवासी बेंजामिन ऑफ टुडेला सांगतो की, तेथे सुमारे २,००० यहुदी राहतात आणि रेशीम व जांभळ्या वस्त्राच्या कामात त्यांच्यासारखे कुशल लोक ग्रीकांच्या देशात नाहीत. मात्र मक्तेदारी परत आली नाही. १२०४ मध्ये धर्मयुद्धाच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपलच लुटले आणि तेराव्या शतकात इटलीतील लुका व व्हेनिस येथील माग युरोपला नक्षीदार रेशीम पुरवू लागले.

ज्या दशकांत थीब्जचे विणकर जहाजात कोंडून नेले गेले, त्याच दशकांत गुजरातेत राजा कुमारपाल राज्य करीत होता. पाटणची परंपरा सांगते की, पटोळे विणणारी साळवी कुटुंबे त्याने जालन्याहून बोलावून आपल्या राजधानीत वसवली. पटोळ्याचे तंत्र वेगळे. तेथे नक्षी धागे बांधून रंगवताना ठरते आणि मागावर केवळ जुळून येते. परंतु पालेर्मोला नेलेल्या विणकरांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत आणि पाटणच्या साळवी घराण्यात ती कला आठ शतकांनंतरही चालू आहे.